खिशातलं गोडाऊन फुल्ल!

अंजूरफाट्याच्या अलीकडे, गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा. ड्रायव्हरला घोडबंदरचा ट्रॅफिक तुंबायच्या आत सटकायचंय. मामाला काम एवढंच, बिल्टीचा, म्हणजे माल चढवल्याच्या पावतीचा, फोटो काढून पार्टीला पाठवायचा. मामाने फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, बटण दाबलं. फोन म्हणाला, जागा नाही.

"मामा, अख्ख्या गावाला जागा भाड्याने देता आणि स्वतःच्या खिशात जागा नाही?" मी म्हटलं. मामाला विनोद आवडला नाही. बिल्टी शेवटी ड्रायव्हरच्या फोनवरून गेली आणि मामाचा फोन माझ्या हातात आला. "संध्याकाळपर्यंत मोकळा करून दे. पण काही डिलीट करू नकोस," मामा म्हणाला.

काही डिलीट न करता मोकळा! देशातल्या निम्म्या घरांत भाचरांना हीच ऑर्डर मिळत असावी.

मामाच्या शेडमध्ये एके काळी चोवीस माग होते. आता तिथे खोके असतात. अर्ध्या भिवंडीची गोष्ट हीच आहे. वळ, दापोडे, मानकोली, पूर्णा, राहनाळ या गावांत भाताची खाचरं होती तिथे पत्र्याच्या छपरांचा समुद्र झाला, याचं मोठं श्रेय एका कराला जातं: जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की नाक्यावर जकात भरा. मग शहाण्या व्यापाऱ्याने काय केलं? हद्दीच्या बाहेर, पण हाकेच्या अंतरावर माल ठेवला आणि लागेल तेवढाच आत नेला. नाशिक महामार्ग दारात, न्हावाशेवा बंदर आवाक्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांचीही गोदामं इथे आहेत. त्यामुळे तुमच्या हातातला फोन तुमच्याकडे येण्याआधी एखादी रात्र भिवंडीत झोपून आलेला असू शकतो. तेव्हा तो रिकामा होता. तेवढाच काय तो सुखाचा काळ.

कार्पेट किती, बिल्ट-अप किती?

खोक्यावर लिहिलंय ६४ जीबी. मामाला वाटतं ६४ म्हणजे ६४. गाळा विकत घेताना हाच मामा पहिला प्रश्न विचारतो, "कार्पेट किती?"

फोनलाही तोच प्रश्न विचारायला हवा. बनवणाऱ्या कंपनीचा एक जीबी म्हणजे बरोबर १०० कोटी बाइट. संगणकाचा जुना हिशेब दोनाच्या पटीत चालतो, त्याचा एक जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांच्या वर. विंडोजच्या मापाने मोजलं तर ६४ चे ५९.६ होतात. कोणी फसवलेलं नाही, मीटर आणि वार यांत कापड मोजल्यासारखं आहे. खरी जागा खाते ती आधीच मांडून ठेवलेली भांडीकुंडी: ऑपरेटिंग सिस्टीम आणि सोबत आलेली, कोणी न मागितलेली अ‍ॅपं. त्यातली काही काढताही येत नाहीत, फार तर 'डिसेबल' करता येतात. जिना, लॉबी आणि वॉचमनची केबिन तुमच्याच डोक्यावर, बिल्डर म्हणतो तसं.

एक टनाचा खोका

आता जरा मागे जाऊ. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचा संगणक आणला. त्याला जोडलेलं हार्ड डिस्कचं कपाट एक टनाहून जड होतं. आत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या गरगरत असायच्या. एवढं करून माहिती मावायची किती? आजच्या भाषेत पावणेचार एमबी. म्हणजे तुमच्या फोनने काढलेला बिल्टीचा एक बरा फोटो. आमच्याकडच्या माथाडींनी ते कपाट उतरवायची वाराई किती सांगितली असती, याचा अंदाज मी मामाला विचारला. त्याने तोंड वाकडं करून आकडा सांगितला, तो छापत नाही.

त्याहून जुनी गंमत पंचकार्डांची. ८० रकान्यांच्या एका कार्डावर ८० अक्षरं मावत. चार एमबीचा फोटो कार्डांवर उतरवायचा तर ५० हजार कार्डं लागतील. एका कार्डाची जाडी ०.१७८ मिलिमीटर, म्हणजे थप्पी जवळपास नऊ मीटर, तीन मजली बिल्डिंगएवढी. मामाच्या फोनमध्ये सहा हजारांवर फोटो निघाले. ती थप्पी किती होईल ते तुम्हीच मोजा. मी मोजली आणि कॅल्क्युलेटर बंद केला.

मेमरी विणणाऱ्या बायका

पंचकार्डांचा जन्म संगणकात झाला नाही, मागावर झाला. फ्रान्समधल्या लियॉं या रेशमी कापडाच्या गावात जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास मागाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. भोक असेल तिथे सुई आत जाते, ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच. त्याखालून-वरून धोटा सुटतो आणि नक्षी उमटत जाते. हो आणि नाही, एक आणि शून्य. पुढे जकार्डचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. ते कापड बघायला येणाऱ्यांना एनग्रेव्हिंग, म्हणजे कोरीव ठशाचं छापील चित्र, वाटायचं. संगणकाचा आजोबा म्हणावा असा चार्ल्स बॅबेज, त्याने त्याचा एक नग मिळवून घरी लावला होता. १८९० मध्ये अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलेरिथच्या पंचकार्डांवर झाली, आणि त्याचा धंदा पुढे जाऊन आयबीएममध्ये मिसळला.

भिवंडीत बहुतेक कापड साधं, ग्रे, म्हणजे न रंगवलेलं. जकार्डचं काम त्या मानाने थोडं. पण मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हे ऐकून छाती फुगवायला हरकत नाही.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त आवडते. १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरला तेव्हा अपोलोच्या संगणकातला कायमस्वरूपी प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता. बारीक चुंबकी कड्यांची ओळ, त्यातून तांब्याची तार. तार कडीतून गेली की एक, कडीला वळसा घालून गेली की शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी रेथियॉन कंपनीच्या कारखान्यात बायका हे काम हाताने करत. त्यातल्या कित्येक आधी कापड गिरण्यांत किंवा घड्याळाच्या कारखान्यात काम केलेल्या. इंजिनिअर मंडळी या मेमरीला 'लिटल ओल्ड लेडी' मेमरी म्हणत, म्हणजे आजीबाईंची मेमरी. एक टाका चुकला तर प्रोग्राम चुकला. एकूण क्षमता ३६,८६४ शब्द, आपल्या हिशेबाने ७२ केबीच्या आसपास.

७२ केबी! मामाच्या फोनमधला सर्वांत फाटका 'शुभ गुरुवार', कडेला गुलाब आणि मध्ये वाफाळता चहा, ९४ केबीचा निघाला.

आपल्याकडेही हे विणकाम झालं आहे, तेही इथून दीड-दोन तासांवर. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक चालू झाला. त्याच्या मेमरीतही तशाच चुंबकी कड्या होत्या, तारा ओवलेल्या. २,०४८ शब्द, प्रत्येकी ४० बिटांचे. गुणाकार केला तर बरोबर १० केबी होतात.

भिवंडी लिहायला १८ बाइट

छोटीशी गोष्ट, पण मला भारी वाटते. रोमन लिपीत भिवंडी लिहिलं तर आठ अक्षरं, आठ बाइट. देवनागरीत भ, वेलांटी, व, अनुस्वार, ड, दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे होतात आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात. म्हणजे १८. मराठीत लिहिणं महाग पडतं, असं कोणी म्हणायच्या आत दुसरा हिशेब सांगतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या वर. सगळ्या टाइप केल्या तर, माझ्या ढोबळ गणिताने, दोन-अडीच एमबी होतात. मामाच्या फोनमध्ये माउलींच्या फोटोवर फुलं पडतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ होता, तो ४.१ एमबीचा. आणि तो पाच वेगवेगळ्या ग्रुपवरून पाच वेळा आला होता.

शुभ सकाळचा महापूर

हा रोग मामाचा एकट्याचा नाही आणि त्याची दखल थेट अमेरिकेत घेतली गेली आहे. जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी छापली. भारतात फोन एवढे का तुंबतात, हे गुगलचे लोक शोधत होते आणि त्यांना सापडलं 'गुड मॉर्निंग'! सूर्य, गुलाब, गोंडस बाळं, कपभर चहा. 'गुड मॉर्निंग' चित्रांचा गुगलवरचा शोध पाच वर्षांत दसपट झाला होता. वेस्टर्न डिजिटल या डेटा साठवणुकीची साधनं बनवणाऱ्या कंपनीचा आकडा त्याच बातमीत होता: भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांत एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांत एकाची.

गुगलने यावर एक अ‍ॅपच काढलं. डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' आलं, आज त्याचं नाव 'फाइल्स बाय गुगल'. लाखो फोटोंतून नेमकी शुभ सकाळ ओळखायला त्या संगणकाला शिकवावं लागलं. सुरुवातीला म्हणे तो लहान मुलांचे फोटोही त्यातच धरायचा. मला त्या संगणकाची बाजू पटते. आमच्या ग्रुपवर बाळाच्या बारशाचा फोटोसुद्धा गुलाबाच्या चौकटीतच येतो.

पूर आला कुठून, हे सांगायला तज्ज्ञ नको. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला. नळ मोठा झाला, टाकी तेवढीच राहिली.

गल्ली ठेवा, नाहीतर माल हलणार नाही

फोन भरला की मंद का होतो? हे मामाला समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. गोदाम शटरपर्यंत ठासून भरलं तर हमाल फिरणार कुठून? मागचा खोका काढायला पुढचे वीस बाहेर काढा, मग परत लावा.

फोनमधली फ्लॅश मेमरी अगदी अशीच वागते. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. एका झटक्यात पुसली जाते म्हणून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. मेख त्या झटक्यातच आहे. तिच्यात लिहिताना एकेक पान लिहिता येतं, पण पुसताना पानांचा अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो. त्या गठ्ठ्यात एखादं कामाचं पान असेल तर ते आधी दुसरीकडे हलवायचं, मग गठ्ठा साफ करायचा. हलवायला रिकामी जागाच नसली की फोन धापा टाकतो. म्हणून थोडी गल्ली मोकळी हवीच. माझा अंदाज विचाराल तर दहांत एक भाग.

आणि तुम्ही 'डिलीट' दाबता तेव्हा माल लगेच जात नाही. आधी वहीतली नोंद खोडली जाते. फोटोंच्या बाबतीत तर नोंदसुद्धा लगेच खोडत नाहीत: आयफोनमध्ये तो ३० दिवस 'नुकतेच डिलीट केलेले' मध्ये पडून असतो, गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचऱ्यात. मामी गेल्या आठवड्यात तासभर बसून फोटो पुसत होती आणि "जागा काही वाढत नाही" म्हणून चिडली होती. सगळे कचऱ्याच्या डब्यात होते. डबा बाहेर नेऊन ओतायचा राहिला होता.

आता हात काळे करू

संध्याकाळी मामासमोर बसलो. आधी सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडलं. कोण किती खातंय ते बघितल्याशिवाय हात लावणं म्हणजे स्टॉक न मोजता भंगारवाल्याला बोलावणं. सगळ्यांत वर व्हॉट्सअ‍ॅप, सोळा जीबी.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे दोन ढीग आयते लावलेले असतात: खूपदा फॉरवर्ड झालेले आणि पाच एमबीच्या वरचे. खाली प्रत्येक ग्रुपने किती जागा खाल्ली त्याची उतरती यादी. मामाचा पहिला नंबर 'सकाळची वारी', दुसरा सोसायटीचा, तिसरा गोदामवाल्यांचा. कामाचा ग्रुप तिसरा! फॉरवर्डचा ढीग निवडला, मामाने वरवर नजर फिरवली, दोन सत्यनारायण वाचवले, बाकी गेले. साडेपाच जीबी.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अँड्रॉइडवर तुम्ही पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंची व्हॉट्सअ‍ॅप वेगळी प्रत ठेवतं, 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणजे नातवाचा एक व्हिडिओ गॅलरीत एकदा, 'सेंट'मध्ये परत एकदा. फाइल मॅनेजर उघडून ते फोल्डर बघा. एकाच तग्याचं दोनदा बिल लागलेलं दिसेल.

मग ऑटो-डाउनलोड बंद केलं. हा खरा जकातनाका. फोटो, व्हिडिओ आपणहून आत शिरणार नाहीत, बोट लावाल तेच उतरतील. मामाला हे एवढं पटलं की त्याने मामीच्या फोनवरही लगेच नाका बसवला, न विचारता. त्याचे परिणाम त्यांच्या घरातले त्यांना.

कॅशेबद्दल एक इशारा. 'क्लिअर कॅशे' म्हणजे अ‍ॅपने हाताशी ठेवलेलं वरकड सामान फेकणं. बिनधास्त करा, फक्त ते हळूहळू पुन्हा जमतं. त्याच्या शेजारचं 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' मात्र अख्खा गाळा रिकामा करतं, लॉगिनसकट. दोन बटणं एकमेकांना चिकटून ठेवणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला.

डाउनलोडच्या फोल्डरमध्ये घरपट्टीच्या पावतीची एकच पीडीएफ सात वेळा होती. पावती, पावती एक, पावती दोन, असं सहापर्यंत. प्रत्येक वेळी मिळाली नाही म्हणून परत उतरवलेली. जागा नगण्य, पण मामाचा चेहरा बघण्यासारखा.

गुगल फोटोजचं गणित नीट समजून घ्या, कारण रडारड इथेच होते. 'फ्री अप स्पेस' दाबलं की ज्यांचा बॅकअप झालाय त्यांची फोनमधली प्रत जाते, वरची, म्हणजे क्लाउडवरची, राहते. पण त्याच अ‍ॅपमध्ये फोटो निवडून 'डिलीट' केलात की दोन्हीकडची जाते. वरची जागासुद्धा फुकटात १५ जीबीच, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून ते लाड बंद झाले. क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याचं गोडाऊनच. भाडं मागणारच, त्याचाही धंदा आहे.

न वापरलेली अ‍ॅपं उडवायचं जिवावर येत असेल तर आयफोनमध्ये 'ऑफलोड', अँड्रॉइडमध्ये 'अर्काइव्ह' आहे. अ‍ॅपचा सांगाडा जातो, तुमची माहिती राहते, बोट लावलं की परत उतरतं. आणि 'एका टचमध्ये फोन साफ' म्हणणाऱ्या रंगीबेरंगी क्लीनर अ‍ॅपांना लांब ठेवा. जागा करायला आलेला पाहुणाच पाट मांडून बसतो.

तीन मिनिटं, ५१० एमबी

सगळं करून यादीत सर्वांत वर एक व्हिडिओ उरला. शेडमधले माग भंगारात जायच्या आदल्या दिवशी मामाने शूट केलेला. तीन मिनिटांचा. फोन कोणीतरी फोर-के वर ठेवला होता, म्हणून ५१० एमबी. मामाच्या फोनवर फोर-केला मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात, फुल एचडीला ६० च्या आसपास. बिल्टी आणि बारशी शूट करायला फुल एचडी उदंड झालं. ते सेटिंग बदलून टाकलं.

व्हिडिओत दिसत विशेष काही नव्हतं. अंधार, ट्यूबलाइट, कापसाची भुकटी, आणि खडखडखडखड. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला आवाजच हवाय ना? नुसता आवाज काढून देतो. तीन एमबीत बसेल."

काढून दिला. मामाने फोन कानाला लावून पूर्ण ऐकला, तीनच्या तीन मिनिटं.

"आवाज बरोबर आहे," तो म्हणाला. "पण दुसऱ्या मिनिटाला चार नंबरच्या मागावरची कांडी संपते आणि मी वाकतो ना, ते ह्यात नाही."

मग आम्ही लुडो काढून टाकला.